मुक्या मालकाचं दुकान

त्या वर्षी महाल भागातल्या माझ्या लुगड्यांच्या दुकानात गिऱ्हाइकं येत, गादीवर टेकत, पाणी पीत आणि पदर सावरून उठून जात. कोराडीच्या देवीवर माझी श्रद्धा होती. पण माझ्या दुकानाकडे पाहायचं ती विसरली असावी, असं मनात येऊ लागलं होतं. कोराडीच्या वीजकेंद्रात नोकरीला असलेला माझा मेहुणा दर रविवारी येऊन सांगे, "भाऊजी, दिवाळीपर्यंत पाहा. नाही जमलं तर लावा कुलूप. आमच्या स्टोअरमध्ये चिकटवून देतो तुम्हाले." दुकान मी स्वतः उभं केलेलं. ते सोडायची कल्पनाच करवत नसे.

अशातच व्यापाऱ्यांसाठी ठेवलेलं एक व्याख्यान ऐकलं. वक्ते म्हणाले, व्यापाऱ्यानं मोठं ध्येय ठेवावं आणि ते मोठ्यानं बोलून दाखवावं. यातला दुसरा भाग मला फारच पटला, कारण बोलण्यात मी कधी कमी पडलो नव्हतो. एक लुगडं उलगडलं की त्याचं सूत, त्याचा काठ, विणकर, विणकराची सासू, सगळं मी सांगत असे. नवरात्रात कोराडीला गेलो आणि देवीपुढे संकल्प सोडला की आजपासून एकही गिऱ्हाईक माझ्या दुकानातून रिकाम्या हातानं जाणार नाही. गर्दीत देवीला ऐकू जावं म्हणून ओरडूनच सांगितलं. वर "उदो उदो"ही घसा फाडून केलं. परतीच्या बसमध्ये खिडकीशी बसलो, तर पुढे सगळी वाट धूळ उडवणारा कोळशाचा ट्रक. सकाळी उठून बायकोला चहा मागितला आणि तोंडातून नुसती हवा आली.

डॉक्टरांनी घशात बॅटरी मारून पाहिलं आणि सांगितलं, बरं वाटेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही. त्यावर माझी बायको मंदा म्हणाली, "काही घाई नाही जी डॉक्टरसाहेब." तिच्या आवाजातला आनंद माझ्यापासून लपला नाही.

दिवाळीच्या तोंडावर व्यापाऱ्याची वाचा काढून घेणारी ही कसली देवी, असं मनात म्हणत दुकान उघडलं. दुपारी एक म्हातारी आपल्या लेकीला घेऊन आली. उमरेडची होती, नातीच्या लग्नाची खरेदी करायची होती. मी हात जोडले, गळ्याकडे बोट दाखवलं, मान हलवली. म्हातारीचा चेहराच उतरला. "अगं माय! मुका हाये वं बिचारा!" ती लेकीला म्हणाली. घसा बसलाय हे खुणेनं कसं सांगायचं? मी जितके हातवारे केले, तितकी तिला माझी जास्तच दया आली.

शेवटी मी गुमान लुगडी उलगडत बसलो. दोघी मायलेकी काठ चाचपत बोलू लागल्या. नवरी सावळी आहे, तिला कोणता रंग खुलेल, विहीणबाई किती नाक मुरडते, गेल्या साली वारलेल्या आजोबांना कोणता रंग आवडायचा. म्हातारीनं डोळे पुसले. इतक्या वर्षांत माझ्या गादीवर बसलेलं माणूस काय बोलतं, हे मी पहिल्यांदाच ऐकत होतो. न सांगता उठलो आणि वरच्या फळीवरून आजोबांच्या आवडीचं एक डाळिंबी लुगडं काढून पुढे ठेवलं. म्हातारीनं ते गालाला लावलं. मग घडी घालून परत माझ्या हातात दिलं आणि निघून गेली. काही न घेता! माझा संकल्प पायऱ्या उतरून चालला होता आणि मला "आजी, थांबा" म्हणता येत नव्हतं. त्या संध्याकाळी मी मनातल्या मनात मेहुण्यानं देऊ केलेली नोकरी पत्करून टाकली.

आठवडाभरानं घसा मोकळा झाला. दुकान उघडून उदबत्ती लावत होतो, तेवढ्यात तीच म्हातारी दारात. मागे नवरी, आत्या, माम्या, मावश्या, गल्ली भरून बायका. मी म्हणालो, "या आजी, बसा."

म्हातारीच्या हातची पिशवीच पडली. "बोलला! पोरीहो, बोलला वं! देवी पावली!"

"आजी, मी मुका नव्हतोच. घसा बसला होता."

"हो बाबा, हो. बोल, काहीबी बोल!"

त्या दिवशी ती माझ्या दुकानातून थेट कोराडीला गेली होती. लग्न ठरल्याचं देवीला सांगायला गेली आणि तिथे माझ्यासाठी नवस बोलून आली: उमरेडच्या साऱ्या बायकांची खरेदी त्याच्याच दुकानी करीन, पण माये, त्या पोराले वाचा दे.

मी देवीकडे गिऱ्हाईक मागितलं होतं. आणि जिला मी फक्त गिऱ्हाईक समजलो, ती माझ्यासाठी हात जोडून आली होती. त्या दिवशी लुगडी मंदानं घरून येऊन दाखवली; मी पाणी देत राहिलो.

नवस फेडायला आजी मलाही घेऊन गेली. बसमध्ये आजूबाजूच्यांना सांगत होती, "हाच तो!" मी समजावणं सोडून दिलं. घसा कोळशानं बसला की देवीनं बसवला, याचा निवाडा करणारा मी कोण?

दुकान चाललं. ध्येयं मी अजूनही ठरवतो, व्यापाऱ्याला ती लागतात. पण कोराडीला गेलो की स्वतःसाठी काही मागत नाही. ओळखपाळख नसलेल्या कुणासाठी तरी, बसमध्ये खोकणाऱ्यासाठी, रांगेत रडणाऱ्या लेकरासाठी, मागून येतो. माझ्यासाठी मागणारं कुणीतरी कुठेतरी बसलेलं असणारच.