कोळशाची वीज नको: प्रताप नगर ते रामटेक, स्कूटरवरून

गाडी विकायची की ठेवायची, हे या प्रवासावर ठरणार होतं. आमचे हे निवृत्त झाल्यापासून घराचा कार्बन कमी करायच्या हात धुऊन मागे लागले आहेत. छतावर सोलर आलं, गीझर गेला, आणि आता दारातल्या पेट्रोलच्या गाडीवर डोळा होता. सोमवारी गिऱ्हाईक येणार होतं. माझा विरोध एकाच गोष्टीसाठी होता. गेल्या वर्षी यांच्या छातीत दुखलं तेव्हा त्याच गाडीतून मी यांना दवाखान्यात नेलं आणि स्टेंट बसला. गाडी गेल्यावर पुन्हा तशी वेळ आली तर काय? शेवटी ठरलं की शनिवारी इलेक्ट्रिक स्कूटरने रामटेकला नणंदेकडे जायचं. सुखरूप जाऊन आलो, तर मी हट्ट सोडायचा.

निघतानाच माशी शिंकली. स्कूटर पूर्ण चार्ज नव्हती. यांचा नियम असा की ती फक्त छतावरच्या उन्हावर चार्ज करायची, आणि आदल्या दिवशी नेमकं आभाळ होतं. मी म्हटलं, घरातल्या प्लगला लावा.

"कोळशाची वीज आहे ते," हे म्हणाले. "धूर इथं नाही तर तिथं. मंग पेट्रोलनं काय वाईट केलं?"

कामठी, कन्हान करत जबलपूरचा हायवे धरायचा आणि मनसरला उजवीकडे वळायचं. रस्ता झकास, दुचाकीला टोल नाही, पण ट्रक अगदी अंगाला घासून जातात. दोघं बसलो आणि वेग ठेवला की चार्ज भराभर उतरतो, हे जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. कन्हानच्या पुलापर्यंत मी नदी पाहत होते. नंतर यांच्या खांद्यावरून फक्त चार्जचा आकडा पाहत राहिले.

मनसरच्या अलीकडे स्कूटर बसली. पुढे एक ढाबा दिसत होता. हे उतरले आणि ढकलायला लागले. ऊन चटके देत होतं. मी मागून लावलेला हातही यांनी झटकला. ढाब्यापाशी पोचलो तेव्हा यांचा शर्ट पाठीला चिकटला होता आणि चेहरा पांढरा पडला होता. हे बाजेवर बसले ते बोलेचनात. मला फार भीती वाटली.

ढाबेवाली बाई पाणी घेऊन आली. "काकू, लावून द्या नं चार्जर. काहून विचार करून राहिल्या?"

मी पिशवीतून चार्जर काढला, तसे हे बोलले. "नको. मनसरले ओळखीच्याकडं सोलर आहे. थोडं बसतो, मंग ढकलत नेतो. मले काही नाही झालं वं."

माझा तोल गेला. "तुम्ही गेले की घरातला कार्बन असाच अर्धा होऊन जाईल. तसा कमी करायचा आहे का तुम्हाले?"

बाई पदराआड हसली. मला हसू आलं नाही. यांनी चार्जर घेतला आणि स्वतः प्लगला लावला.

दुपार तिथंच गेली. पाटोडी-रस्सा झणझणीत होता, भाकरी गरम. यांनी जेमतेम अर्धी खाल्ली. एरवी हा माणूस रस्सा वाटीने पितो.

रामटेकच्या वाटेवर धानाची कापणी चालली होती आणि ओल्या तणसाचा वास होता. संध्याकाळी गडावर जायचा बेत मी मोडला. तुम्ही मात्र जा, फक्त प्रसादाची पिशवी माकडांपासून सांभाळा. रविवारी सकाळी नणंदेच्या घरून पूर्ण चार्ज करून निघालो. तिच्या प्लगात कोणती वीज आहे, हे यांनी विचारलं नाही. परतीला काहीच अडचण आली नाही, आणि दुपारी आम्ही घरी होतो.

म्हणजे ठरल्याप्रमाणे मी हरले होते. तरी सोमवारी गिऱ्हाईक आलं तेव्हा मी दारातच सांगितलं, गाडी विकायची नाही. आता घर डोक्यावर घेतील म्हणून मी कंबर कसून उभी राहिले. हे गप्प बसले होते. चाळीस वर्षांच्या संसारात हा माणूस भांडणात असा कधी गप्प बसलेला नाही.

गिऱ्हाईक गेल्यावर मी समोर बसले. "ढाब्यावर छातीत दुखलं होतं?"

"थोडंसं."

"आणि मले सांगितलं नाही?"

"सांगितलं असतं तर गाडी राहिली असती."

मी गाडीची किल्ली घेतली. जीव नुसता जळत होता, रागाने आणि काळजीने. दवाखाना लांब नाही, पण वाटेत सिग्नल लागला आणि आकडे नव्वदवरून उतरायला लागले. हे शेजारी डोळे मिटून बसले होते. तसेच म्हणाले, "इंजिन बंद कर वं. उगाच धूर होऊन राहिला."

मी बंद केलं. गाडीत यांचा श्वास तेवढा ऐकू येत होता. मागचे हॉर्न वाजायला लागेपर्यंत मी तो ऐकत राहिले.