सहा-वीसचा उजेड

पुनावळ्याच्या थांब्यावर मी फर्स्ट शिफ्टच्या सहा-वीसच्या बसची वाट बघायचो, तेव्हा समोर गावातला एक म्हातारा चित्र काढत बसलेला असायचा. जवळून नुसते रंगाचे ठिपके. चार पावलं मागं सरलं की थांब्यावरची कोवळी सकाळ. बस येईपर्यंत ऊन जरा वर आलं की तो ब्रश धोतराला पुसायचा. "आजचा उजेड सपला. ऱ्हायलेलं उद्या."

आठवडाभर आयसीयूत काढून मी कामावर परतलो, तर चित्रात खांबाला टेकून मी उभा. पायाशी लांब, निळी सावली.

"बाबा, मी तर दवाखान्यात होतो."

त्यानं मान वर केली नाही. "व्हय, तुमी न्हवता. सावली रोज येत हुती. तिच्यावरनं काढलं तुमाला."

तेव्हापासून बसमध्ये चढताना मी आधी तिला चढू देतो.