शिफारसपत्रासाठी भरलेला वर्ग

मी आज कॉलेजात जाते ती कर्वेनगरच्या बाईंमुळे, हे आधी सांगून टाकते. बाई म्हणजे गणिताच्या निवृत्त शिक्षिका. त्यांच्याकडे मी पोळ्या करायला जायचे.

माझं गाव नांदेडच्याही पलीकडे. शाळा नववीत सुटली. पुण्यात कामं करत दहावी-बारावी बाहेरून दिली आणि समाजकार्याच्या एका कॉलेजचा फॉर्म भरला. त्यात अट होती: शिकवलेल्या शिक्षकांचं शिफारसपत्र हवं, बंद पाकिटात, आणि ते शिक्षकांनी स्वतः पोस्टात टाकलेलं. नववीनंतर मला तर कुणी शिकवलंच नव्हतं. पुस्तकं रद्दीवाल्यानं दिली होती, पण त्याचं पत्र कोण घेणार? घाबरत घाबरत बाईंना विचारलं.

"देईन की. पण मी तुला शिकवलंय कुठे? खोटं मी लिहीत नाही."

"बाई, कोण बघायला येतंय?"

"मी बघतेय ना."

संपलं, असं वाटलं मला. दुसऱ्या दिवशी कणीक मळत होते, तर बाई इस्त्रीची साडी नेसून स्वयंपाकघराच्या दारात उभ्या. हातात हजेरीचा कागद. माझं नाव आडनावासकट पुकारलं.

"हजर म्हण."

"हजर, बाई."

"मागे कोण बोलतंय?"

मागे कुकर होता.

असा आमचा गणिताचा वर्ग रोज भरू लागला. मधल्या सुट्टीत चहा, तोही वर्गाबाहेर, म्हणजे गॅलरीत. एकदा कात्रजहून येणारी माझी बस रखडली, तर थेट गैरहजेरी लागली, वर पालकांना बोलवायचा हुकूम. मी आईला फोन लावून दिला. आई तिकडून रडवेली, "बाई, काय केलं हो पोरीनं?"

"काही नाही. पोरगी हुशार आहे. बस मठ्ठ आहे."

पत्र पोचायची शेवटची तारीख जवळ येत चालली. बाई म्हणाल्या, "चाचणी घेतल्याशिवाय शिफारस कशी करू?" ओट्याशेजारी स्टुलावर बसून पेपर लिहीत होते, तेवढ्यात गॅसवरचं दूध वर येऊ लागलं.

"बाई, दूध—"

"पेपरात बोलायचं नाही."

दूध उतू गेलं. दोघींनी शांतपणे बघितलं. वेळ संपल्यावर ओटा मी पुसला.

पेपर तपासून बाईंनी पत्र लिहिलं, पाकीट चिकटवलं, जोडावर सही केली. उमेदवारानं पाकिटाला हात लावायचा नाही, म्हणून रिक्षात मी पार कडेला बसले. पोस्टातही मला दाराशीच उभं केलं. खिडकीतल्या साहेबांनी पिनकोड विचारला. तो बाईंनी लिहिलाच नव्हता. मला पाठ होता.

"बाई, सांगू?"

"तू गप्प."

"अहो मॅडम, सांगू द्या तिला. मागची लाइन म्हातारी होईल."

बाईंनी क्षणभर विचार केला. "पिनकोड शिफारशीत येत नाही. सांग."

पत्र वेळेत पोचलं. मुलाखत घेणाऱ्यांपैकी एका सरांनी विचारलं, "वर्गात पहिल्या आलात असं बाईंनी लिहिलंय. वर्गात किती जण होते?"

"मी एकटीच, सर."

"मग शिकवलं कुठे?"

सगळं सांगितलं, दुधासकट. ते सगळे इतके हसले की गेला आपला प्रवेश, असं धरूनच मी बसस्टॉपवर आले. चार दिवसांनी यादीत नाव लागलं.

बाईंच्या गुडघ्यांचं ऑपरेशन पुढेमागे व्हायचंय, आणि मुलगा असतो परदेशात. तेव्हा मी त्यांच्याकडे राहायला जाणार आहे, पगार न घेता. अजून त्यांना विचारलेलं नाही. नको म्हणतील. तरी जाणारच.