यादीत नसलेलं घर

पेद्रू गेल्याचा फोन आला तेव्हा मी यादी करत होते. कुठली यादी ते आधी सांगते, कारण मला आज जे सांगायचं आहे ते सगळं त्या यादीतच आहे. आमच्या किनाऱ्यावरच्या ख्रिस्ती वाड्यांतून पावसाळा सरला की सायबीण फिरते. सायबीण म्हणजे मारियामातेची हातभर उंचीची मूर्ती. एकेका घरी ती एक दिवस राहते. संध्याकाळी शेजारीपाजारी जमतात, रोझरी म्हणजे जपमाळेची प्रार्थना होते, गाणी होतात, उकडलेले चणे वाटले जातात, आणि दुसऱ्या संध्याकाळी मेणबत्त्या घेऊन सगळे तिला पुढच्या घरी पोचवतात. कुठल्या दिवशी कुठलं घर, हे गेली एकोणीस वर्षं मी ठरवते. मी म्हणजे आग्नेस टीचर, शाळेतून निवृत्त झालेली आणि चर्चच्या प्रत्येक कामात पुढे असणारी. पेद्रूची बायको रोजीन फोनवर एवढंच म्हणाली, "बाय, तो गेलो." मी पेन खाली ठेवलं आणि, खोटं कशाला सांगू, मला रडू आलं नाही. या वर्षीच्याही यादीत माझ्या सख्ख्या भावाचं घर नाही, हे तेवढं दिसलं. मी तो कागद उलटा करून ठेवला.

पेद्रू माझ्याहून चार वर्षांनी लहान. हसरा, गळ्याने गोड आणि घरच्या कामाला हात न लावणारा. रापणीवर जायचा, म्हणजे किनाऱ्यावरून दोन्ही बाजूंनी दोर ओढत जाळं आणायच्या कामाला. तिथे मिळालेला मासळीचा वाटा संध्याकाळपर्यंत दारूत गेलेला असायचा. आमची आई नऊ वर्षं अंथरुणाला खिळून होती. तिचं सगळं मी केलं. शाळेआधी तिला पुसायचं, भरवायचं, मधल्या सुट्टीत धावत येऊन कूस बदलायची. लग्नाचं वय आधीच उलटत होतं, ते त्यात पुरतं उलटलं. पेद्रू कधीतरी उगवायचा, दारूच्या वासासकट तिच्या उशाशी बसायचा, एखादं गाणं म्हणायचा, आणि आई दिवसभर खूश! "माझो पेद्रू इललो गो," हे मला चार वेळा ऐकवायची. त्याच आईला आम्ही मातीत ठेवत होतो तेव्हा हा पिऊन वाळूत पालथा पडला होता. ते मी त्याला कधी माफ केलं नाही. पुढच्या वर्षी यादी माझ्या हाती आली आणि मी नियम केला, ज्या घरात दारू त्या घरात सायबीण नाही. नियम चर्चचा नव्हता, माझा होता. आणि गंमत बघा, वाडीत पिणाऱ्यांची आणखी सहा घरं होती. ती सगळी यादीत होती.

दर वर्षी आम्ही त्याच्या दारावरून पुढे जात असू. तो डोक्यावरची टोपी काढून पायरीवर उभा राहायचा, रोजीन त्याच्या मागे. मी त्यांच्याकडे बघत नसे. उलट, तेवढ्या अंतरात माझा गाण्याचा आवाज जरा चढायचा... दोन वर्षांपूर्वी नवे फादर आले. यादी वाचून त्यांनी विचारलं, "टीचर, या मधल्या घराचं नाव राहिलं का?" मी पटकन सांगून टाकलं, "त्यांना नको असते, फादर." इतकं सरळ खोटं मी मुलांना बोलू दिलं नसतं.

तसा तो माझ्यापेक्षा शहाणा आहे, हे मला एकदा दिसलं होतं. दिसलं, पण कळलं नाही. रापण ओढून झाली होती, पेद्रू मासळीचे वाटे घालत होता. शेजारच्या वाडीतले म्हातारे काशीनाथ जाळं वाळूला लागत आलं तेव्हा पोचले होते, चार हात दोर जेमतेम ओढला असेल. पेद्रूने त्यांच्यापुढे इतरांइतकाच वाटा ठेवला. मी मासे घ्यायला उभी होते, मला राहवेना. "ह्यो आता इलो. तेका कित्याक तितकोच?" पेद्रू मान वर न करता म्हणाला, "दोरयेक हात लायलो मा? मगे वाटो तेचो." बाकीच्यांनीही माझ्याकडे असं बघितलं, जणू मी विचारू नये ते विचारलं होतं. रापणीची ती रीतच आहे. मी नाक मुरडून घरी आले आणि त्याच संध्याकाळी धर्मशिक्षणाच्या वर्गात मुलांना शिकवलं की देवाची कृपा ही कामाची मजुरी नव्हे. मुलांनी वहीत उतरवून घेतलं.

या पावसाळ्यात त्याचं पोट पाण्याने भरलं. डॉक्टरांनी हात टेकले. मी भेटायला गेले, कारण न जाणं वाईट दिसलं असतं. तो हाडांचा सापळा झाला होता, डोळे हळदीसारखे पिवळे. मला बघून उठून बसला.

"औंदा सायबीण माझ्याकडे येतली काय गो, बाय? मी पिऊचा सोडलंय."

"सोडून किती दीस झाले?"

"दीड म्हयनो."

"वर्सभर सोडून दाखय. मगे बघूया."

"वर्सभर खंय आसा माझ्याकडे?" तो हसला. मी हसले नाही. जी घरं आयुष्यभर नीट वागली त्यांनी काय समजायचं, असं काहीतरी मी त्याला ऐकवलं. न्याय हा शब्दही वापरला. मरणाऱ्या माणसापुढे! तो म्हणाला, "बरां." त्याचा माझ्याशी बोललेला तो शेवटचा शब्द.

त्याच्या मिसाला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनाविधीला, फादर म्हणाले की पेद्रू देवाकडे रिकाम्या हातांनी गेला आणि देवाने त्याला जवळ घेतलं. पहिल्या बाकावर बसून माझा नुसता जळफळाट झाला. चार दिवसांनी मी फादरांना गाठलं. "मग आम्ही वेडे म्हणून राबलो का?" त्यांनी मला बसवलं. "टीचर, आईचं तुम्ही केलंत ते आईसाठी की देवाला दाखवायला?" मग ते सांगू लागले. शेवटच्या दिवसांत ते तीनदा त्याच्याकडे गेले होते. त्याने पापांची कबुली दिली होती, आईच्या मातीला आलो नाही हे सांगताना लहान मुलासारखा रडला होता. "आणि त्याने मला विचारलं, सायबीण ज्या घरात येत नाही तिथे देव येईल का? मी म्हटलं, येईल. त्यावर त्याने विश्वास ठेवला. दुसरं काही करायला त्याच्याकडे वेळही नव्हता आणि बळही." मग हळूच म्हणाले, "पण टीचर, त्यांना सायबीण नको असते, असं तुम्हीच मला सांगितलं होतंत ना?"

त्या क्षणाची लाज अजून गेलेली नाही. ती जावी असंही आता वाटत नाही. रविवारी मिसा संपल्यावर मी सगळ्यांसमोर उभी राहिले आणि सांगितलं की पेद्रूचं घर यादीतून मी गाळत होते, त्यांनी कधी नको म्हटलं नव्हतं. वाटलं होतं, लोक चकित होतील. कोणी झालं नाही. बहुतेकांना ते ठाऊकच होतं.

गेल्या आठवड्यात सायबीण त्या दारात वळली. मूर्ती माझ्या हातात होती. आत भिंतीला लागून छोटं टेबल, त्यावर धुतलेलं पांढरं कापड. मी रोजीनला म्हटलं, "छान मांडलंस गो." ती म्हणाली, "दर वर्सा ह्यां कापड तोच घाली. औंदा सायबीण वळतली, म्हणायचो." मी मूर्ती ठेवली. रोझरीला मी सगळ्यांच्या मागे जाऊन बसले, बाकीच्यांनीच ती निभावली.

सगळे गेल्यावर मी मागे राहिले. "रोजीन, माझा चुकला गो," एवढं म्हणेपर्यंत तिने हात वर केला.

"माका तुमका खूप काय विचारूचा होता, बाय. पण तो सांगान गेलो."

"काय?"

"बाय येतली. इली की तिका कायच विचारू नको. बसाक सांग आणि चाय कर."

ती आत गेली. भांड्याचा आवाज आला. तिने चहा आणून माझ्यापुढे ठेवला आणि समोर बसून राहिली. मी कप रिकामा होईपर्यंत उठले नाही.