कपाटामागचा आरसा

लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. आठव्या महिन्यात एका सकाळी तिचं तोंड वाकडं झालं. उजवा डोळा मिटेना, चहा ओठाच्या कोपऱ्यातून गळायला लागला. तिची आई, म्हणजे माझी बायको, गेल्या साली अर्धांगानं गेली. तिचंही असंच तोंडापासून सुरू झालं होतं.

डॉक्टरीणबाईंनी नीट तपासलं. म्हणाल्या, "काका, हे अर्धांग नाही. चेहऱ्याची नस सुजलीय. बाळाला काही धोका नाही. ही पण बहुतेक बरी होईल." ते 'बहुतेक' मला घरापर्यंत टोचत राहिलं.

घरी आल्याबरोबर मी भिंतीवरचा आरसा काढून कपाटामागं सारला. बायकोच्या वेळीही तेच केलं होतं.

"आबा, आरसा कुठं हाय?"

"कशाला पायजे? जिवाला लावून घेशील."

"डॉक्टरांनी आरशात बघून तोंडाचा व्यायाम सांगितलाय की! तुमी बी हुतासा न्हवं तिथं?"

त्या 'बहुतेक'च्या पुढचं मला काही ऐकूच आलं नव्हतं. आरसा काढला आणि तिच्यासमोर धरून बसलो. ती गाल फुगवायची, एकच फुगायचा.

"आरसा सरळ धरा."

आज नववा दिवस. ओठाचा उजवा कोपरा अजून हललेला नाही.

बायकोही रिकाम्या खिळ्याकडं बोट करायची. आरसा फुटला, असं मी तिला सांगितलं होतं. तिला ते खरं वाटलं, का माझ्यासाठी ती गप्प बसली, आता कुणाला विचारू?