उपरण्याखालचा हात

संकठा घाटावरचे एक मराठी गुरुजी १९९०च्या दशकात माझ्या दवाखान्यात सारखे येत. आचमनाचं पाणी बोटांतून गळायला लागल्यापासून उजवा हात त्यांनी उपरण्याखाली लपवला होता. तो बाहेर काढला की अंगठ्याजवळचा खड्डा आधी दिसे.

"गोळी लिहून द्या डॉक्टरसाहेब, बस," हे त्यांचं पालुपद.

"आधी कारण, मग गोळी," हे माझं. दोघेही कंटाळलो होतो.

त्यांना धास्ती होती महारोगाची. मला आशा होती ती त्याचीच, कारण त्याला औषध आहे. कोपरात दबलेली नसही सोडवता येते. पण या दोन्हींत बोटं बधिर होतात. बधिर न होता हात नुसताच झिजत असेल, तर बहुधा माझ्याकडे औषध नाही.

त्यांना डोळे मिटायला लावून मी करंगळीला टाचणी लावली.

"टोचतंय!"

मी तळव्याला लावली. मग पुन्हा करंगळीला.

"अहो, बिलकुल टोचतंय! म्हणजे महारोग नाही ना?"

"तो नाही," मी म्हणालो.

पुढचं ऐकायला ते थांबलेच नाहीत. उपरणं खांद्यावर टाकून, भेटेल त्याला तोच हात उंचावून आशीर्वाद देत ते गल्लीतून निघाले.