दोहा ते नागपूर, दोन दिवस

हे बायकोलाही ठाऊक नाही. दादाला तर नाहीच. आज तुम्हाला सांगतोय — का, ते माझं मलाच नीट कळत नाही.

दोह्याहून नागपूरला थेट विमान आहे. अंतर तीन हजार किलोमीटरही नाही, वेळ चार तासांच्या आसपास. पुढे गोंदियाकडे गाडीने अजून तीन तास. म्हणजे संध्याकाळी खोली सोडली, तर दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत मी आमच्या अंगणात. दोह्यात एसी दुरुस्त करणाऱ्या आम्हा सगळ्यांनाच हे तोंडपाठ असतं. दुसरं आठवायला तिथं आहे तरी काय?

मग दादाचा फोन आला तेव्हा मी काय सांगितलं?

"माय तुई वाट पाहून राहिली गा," तो म्हणाला. "किती वेळ लागंल तुले?"

"दोन दिवस," मी म्हणालो. "विमान बदलत यावं लागते. फोनही लागणार नाही."

सुट्टी मिळाली होती. मोबाइलवर तिकीट दिसत होतं. मग अडलं कुठं? बाबांना जाताना मी पाहिलं होतं — ती घरघर, ते उघडं तोंड. ते पुन्हा बघायची माझ्यात हिंमत नव्हती. वाटलं, दोन दिवसांत आटोपेल. हो, आटोपेल. मायबद्दल माझ्या मनात हाच शब्द आला. मी फोन बंद केला आणि खोलीत पडून राहिलो. जेवलो. झोपसुद्धा लागली — आता खोटं कशाला बोलू?

दुसऱ्या दिवशी रात्री फोन सुरू केला, तर दादाचा निरोप. माय गेली. तेव्हा कुठं मी तिकीट काढलं.

घरी पोचलो, तर तिला माझ्यासाठी ठेवलेलं. वहिनीनं पाय धुवायला गरम पाणी दिलं. दोन दिवसांचा प्रवास करून दमला असेल, म्हणाली. मी पाय धुतले.

बाकीचं तिनंच नंतर सांगितलं. आमचं गाव गोंदियाजवळच्या बिरसीच्या विमानतळाला लागून. विमान चालवायला शिकणारी पोरं छोटी विमानं घेऊन आमच्या धानावरून दिवसभर घिरट्या घालतात, तिथंच उतरतात, परत उडतात. डॉक्टर म्हणाले होते, आजचा दिवस निघणं कठीण. पण मायनं खाट अंगणात काढायला लावली. वर आवाज आला की डोळे उघडायची — "आला का वं?"

"येऊन राहिला, माय. दोन दिवस लागतेत त्याले."

मग ती चमचाभर पाणी घ्यायची. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शेवटचं विमान उतरलं, अंगणात कुणी आलं नाही, तेव्हा तिनं पाण्यावरून तोंड फिरवलं.

गावात अजून म्हणतात, पोरगा बिचारा लय दूर होता. मी मान हलवतो. दोन दिवस मी सांगितले होते, म्हणून ती दोन दिवस जगली. आणि त्या दोन्ही दिवशी दोह्याहून नागपूरला विमान होतं. त्यात जागाही होती.